दानशूर पट्टी

आत्याने आयुष्यात खेळण्यातली एकच गाडी दुरुस्त केली, आणि ती बिघडलेली नव्हती.

गाडी मुंगीची होती. मुंगी म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षं दहा. रस्त्यात सापडेल ते, झाकणं, तारा, मोडक्या खुर्चीचा पाय, आपल्या अंगापेक्षा मोठं असलं तरी ओढत घरी आणायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. गेल्या वर्षी तिने एक लाकडाचा तुकडा आणि बाटलीची चार झाकणं घेऊन गाडी केली आणि मोठ्या हौसेने आत्याला दाखवायला आणली. आत्याने गाडी डोळ्यांसमोर धरली. मागचा आस तिरका बसला होता. झालं, आत्याचे हात शिवशिवायला लागले. पोरीशी गप्पा मारता मारता तिने आस काढला, जुनं भोक बुजवलं, काटकोनात नवं पाडलं, कडांवरून रंधा फिरवला आणि अर्ध्या तासात गाडी परत दिली. "घे, आता बघ कशी सरळ पळते!" मुंगी "छान" म्हणाली. त्यानंतर तिने काही म्हणजे काही बनवलं नाही.

आत्याला याचा पत्ताच नव्हता. पोरं मोठी होतात, नाद सुटतात, असं ती धरून चालली होती. यंदा मुंगीला सुट्टीत तिच्याकडे पाठवायचं ठरलं तेव्हा भावाचा फोन आला.

"ताई, एक सांगू? रागावू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर रागावणारच. बोल."

"मुंगीने तिचा सामानाचा खोका माळ्यावर टाकलाय. वर्ष झालं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आत्याला येतं, मला येत नाही. तू तिची गाडी नीट करून दिलीस ना, तेव्हापासून."

आत्या रागावली नाही. फोन ठेवून ती ओट्यापाशी उभी राहिली, चहाचं आधण उकळून उकळून आटलं, तरी तिच्या लक्षात आलं नाही. मनातून ती पार हलली होती. मुंगी तीन आठवडे राहणार होती. या तीन आठवड्यांत पोरीने परत करवत हातात घ्यावी, एवढी एकच गोष्ट आत्याला हवी होती, आणि ती कशी घडवायची ते तिला अजिबात ठाऊक नव्हतं.

आता आत्याचा धंदा सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आत्या अडतीस वर्षं एका ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न बनवत होती. लोखंडाचा पंप ओतायचा असेल तर आधी तसाच्या तसा पंप लाकडाचा करायचा. तो लाकडी पंप म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, वाळूत त्याची पोकळी उरते, त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंडी पंप गावोगाव जातो आणि लाकडी पंप नंबर टाकून फळीवर परत येतो. म्हणजे आत्याने अडतीस वर्षं जिवापाड जे घडवलं ते कशासाठी, तर पोकळीसाठी. पॅटर्नमध्ये केसाएवढी चूक झाली तर तीच चूक हजार पंपांत उतरते. त्यामुळे चूक हुडकणं तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. दातांच्या डॉक्टरकडे गेली तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून मगच खुर्चीत बसायची.

निवृत्तीनंतर मात्र दुपारी डोळा लागला की तिला त्या पोकळ्या दिसायच्या. मोठ्या शांत खोलीत वाळूच्या पेट्या उघड्या पडलेल्या, आणि प्रत्येकीत कशाची तरी रिकामी जागा, चाकाची, घंटेची, कशाकशाची. ती त्यांच्यामधून अनवाणी चालत राहायची. वाळू कोमट असायची. कुणीतरी येऊन या जागा भरेल, आपल्याला घाई नाही, असं तिला झोपेत वाटायचं, आणि जाग आली की उगाच हसू यायचं.

मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या मागे एक लांबोडकी खोली होती. तिथे सुट्टीभर रोज दुपारी मुलं जमायची आणि लाकडाचे तुकडे, पुठ्ठे, दोऱ्या यांतून मनाला येईल ते बनवायची. त्यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं, म्हणून ग्रंथपाल बाईंनी आत्याला बोलावलं होतं. बाई रस्त्यातसुद्धा वाचनालयात असल्यासारख्या कुजबुजत बोलायच्या. त्या खोलीच्या एका टोकाला भिंतीत उंचावर बसवलेला नळ होता आणि दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीत बाईंच्या सात कुंड्या. पाणी दुसऱ्या कुणीतरी घातलं असेल असं प्रत्येकाला वाटायचं, आणि झाडं बिचारी माना टाकून उभी असायची.

"पाणी आपलं आपण चालत गेलं तर?" एका मुलाने विचारलं. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, कारण तो जेवताना पोळीलाही प्रश्न विचारेल.

झालं, मुलांना तेवढंच हवं होतं. नळापासून खिडकीपर्यंत लाकडी पन्हळ न्यायची, डोक्याएवढ्या उंचीवरून निघून हळूहळू उतरत जाणारी. पन्हळ पेलायला दोन पायांचे लाकडी घोडे, प्रत्येक घोडा आधीच्यापेक्षा एक सेंटिमीटर बुटका, म्हणजे पाणी आपोआप पुढे सरकेल. खोली बरोबर सहा मीटर. मधोमध जमिनीवर खडूची रेघ मारली. नळाकडची तीन मीटर शंकासुराच्या टोळीची, खिडकीकडची तीन मीटर दोन जुळ्या बहिणींच्या टोळीची. जुळ्यांनी वाचनालयाची मोजपट्टी घेतली. शंकासुराला आत्याने आपल्या पेटीतली स्टीलची पट्टी दिली.

"जपून वापर हं. अडतीस वर्षं माझ्या खिशात होती ती."

मुंगी यायची आत्याबरोबर, पण खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसायची. पहिल्या दिवशी आत्याने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मुंगे, जरा ही फळी धरतेस?"

"मी वाचतेय, आत्या."

दुसऱ्या दिवशी आत्या करवत मुद्दाम कट्ट्यावर विसरली. मुंगीने ती उचलून आत्याच्या पेटीत नेऊन ठेवली आणि परत येऊन बसली. आत्याचा डाव तिच्यावरच उलटला. पण एक गोष्ट आत्याने टिपली. मुंगी तासभर त्याच पानावर असायची. डोळे पुस्तकात, आणि उजव्या हाताचं बोट कट्ट्यावर काहीतरी रेखाटत असायचं.

दिवस संथ गेले. दुपारी खिडकीतून उन्हाचा पट्टा आत यायचा आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत राहायचा, खाली बसायला तयारच नसायचा. घोडे एकामागून एक उभे राहिले. ठोकाठोकीचा आवाज, मेणाचा वास, मुलांची अखंड बडबड. आत्याला मधूनच वाटायचं की ही खोली कुठेतरी वाहत चालली आहे आणि आपण सगळे तिच्यात बसलो आहोत. मग एखादा वाकडा खिळा तिच्या नजरेला पडायचा आणि ती खाडकन जागी व्हायची. "अरे, हा काय खिळा आहे का प्रश्नचिन्ह?" म्हणत तो उपटून सरळ ठोकायची. मुलं सवयीने बाजूला सरकायची. मुंगी पुस्तकातून वर बघायची आणि परत खाली बघायची.

दोन आठवडे संपले तेव्हा दोन्ही पन्हळी मधल्या रेघेवर आल्या, आणि जुळेनात.

नळाकडची पन्हळ रेघ ओलांडून तीन सेंटिमीटर पुढे आली होती. शिवाय एक सेंटिमीटर वरही होती. दोन्ही टोकं एकमेकांवर आपटून थांबली.

"तुमची लांब झालीय," जुळ्यांतली एक म्हणाली.

"तुमचीच रेघ चुकलीय," शंकासुर म्हणाला.

"थांबा, भांडू नका," आत्याने पट्टी मागून घेतली. तिने नळाकडचा तुकडा न् तुकडा मोजला. शंभर, शंभर, शंभर. बरोबर तीन मीटर. घोडेही चोख. मग तिने जुळ्यांचे तुकडे मोजले. प्रत्येक तुकडा शंभराला थोडा कमी. तिने मान हलवली. "पोरींनो, तुमचे सगळेच आखूड आलेत. त्यात रेघही सरकलीय. ते परत करायला लागतील."

"सगळे?" जुळ्या एका आवाजात ओरडल्या. "आम्ही प्रत्येक तुकडा दोनदा मोजला! दोघींनी मोजला!"

"मोजला असेल, पण नीट मोजला नाही. माझी पट्टी अडतीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही."

जुळ्यांतल्या एकीचे डोळे भरून आले. दुसरी दाराकडे निघाली. म्हणाली, "मी घरी जाते. मला नाही जमत हे." असंच वाक्य आत्याने भावाकडून फोनवर ऐकलं होतं. पण मापात ती बरोबर होती, आणि बरोबर असताना गप्प कसं बसायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात मुंगी कट्ट्यावरून उतरली. तिने जुळ्यांच्या हातची मोजपट्टी घेतली, आत्याच्या हातातली स्टीलची पट्टी घेतली, आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, शून्याला शून्य लावून. मग ती बोटाने हळूहळू पुढे गेली. पाचपाशी सगळं ठीक दिसत होतं. दहापाशी तिने डोळे बारीक केले. तीसपाशी तिचं बोट थांबलं.

"आत्या," ती म्हणाली, "तुझी पट्टी थापा मारते."

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. एका पट्टीचे तीस आणि दुसरीचे तीस जुळत नव्हते. आत्याच्या पट्टीचे तीस तीन मिलिमीटर पुढे होते. आत्याने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा. ही दानशूर पट्टी!"

"म्हणजे?" शंकासुर लगेच पुढे आला.

आत्या स्टुलावर बसली. तिला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. "अरे, लोखंड तापून पातळ असतं तेव्हा मोठं असतं. निवताना ते अंग चोरतं. शंभराचं नव्याण्णव होतं. म्हणून आमचा पॅटर्न आधीच थोडा मोठा करायचा. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? म्हणून आमच्या पट्ट्याच तशा आखलेल्या असतात, शंभरात एक वाढवून. आमच्या खात्यात तिला दानशूर म्हणायचे, मागाल त्यापेक्षा थोडं जास्तच देते म्हणून. इतकी वर्षं माझ्याकडे दुसरी पट्टीच नव्हती. माझ्यासाठी शंभर म्हणजे एकशे एकच." ती थांबली. "आत्ता कळलं मला, माझ्या स्वयंपाकघरातली एक फळी जागेवर कधी धड का बसली नाही. सुताराला उगाच फैलावर घेतलं होतं मी."

मुलं खो खो हसली. दाराशी पोचलेली जुळी परत आली, आणि आत्याने सगळ्यांसमोर दोघींना सांगितलं, "तुमचं माप बरोबर होतं. माझं चुकलं." एवढं सोपं वाक्य, पण ते बोलताना आत्याची जीभ अडखळली.

मुंगी मात्र हसत नव्हती. ती अजून पट्टीकडे बघत होती.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं करायचात?" तिने विचारलं. "नंतर बरोबर यावं म्हणून?"

"हो. तसंच म्हण."

"मुद्दाम," मुंगी स्वतःशीच म्हणाली आणि परत कट्ट्यावर जाऊन बसली. पुस्तक तिने उघडलं नाही.

संध्याकाळी मुलं गेली. मुंगी पुढच्या दालनात पुस्तक परत द्यायला गेली. खोलीत आत्या एकटी होती. ऊन आता तांबूस होऊन भिंतीवर चढलं होतं आणि घोड्यांच्या सावल्या लांब लांब होऊन छताला टेकल्या होत्या. आत्या त्यांच्याखालून चालली. तिला दुपारच्या झोपेतल्यासारखं हलकं वाटलं. चूक आपली आहे, तर निस्तरायची पण आपणच. पोरांना कशाला त्रास? तासाभराचं काम. नळाकडच्या शेवटच्या तुकड्याचे तीन सेंटिमीटर कापायचे, घोड्यांचे पाय एकेक सेंटिमीटर उतरवायचे, उद्या मुलं येतील तेव्हा सगळं गुपचूप जुळलेलं असेल. तिने शेवटचा तुकडा उतरवला, टेबलाच्या शिकंज्यात आवळला, पेन्सिलीने रेघ ओढली आणि करवत उचलली.

"परत?"

मुंगी दारात उभी होती.

आत्याचा हात जागच्या जागी थांबला. कारखान्यात एकदा तिच्या समोर तापलेल्या लोखंडाची पळी कलंडली होती, तेव्हासुद्धा तिची अशी पाचावर धारण बसली नव्हती. तिने करवत खाली ठेवली.

"मुंगे," ती म्हणाली, "तुझी ती गाडी मी बिघडवली."

मुंगीने दाराची चौकट नखाने कुरतडली.

"ती वळायची," शेवटी मुंगी म्हणाली. "ढकलली की पलंगाखाली जायची आणि तिकडून वळून परत माझ्याकडे यायची. मी आस तसाच बसवला होता. चार वेळा चुकला, मग जमला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. आता ती सरळ जाते. भिंतीवर आपटते आणि तिथेच बसते. मलाच पलंगाखाली शिरायला लागतं."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलं नाही आणि पुसलंही नाही. नऊ वर्षांच्या पोरीने बाटलीच्या झाकणांवर चालणारी, आपल्याकडे परत येणारी गाडी केली होती, आणि तिने ती हातात धरून, डोळ्यांसमोर धरून, तिच्यातली चूक तेवढी पाहिली होती. हजार पंप बरोबर ओतले गेले असतील, पण या एका गाडीपुढे ते सगळे तिला फिके वाटले.

"मी विचारायला हवं होतं, मुंगे. एका शब्दाने तरी."

"हो," मुंगी म्हणाली. तिने आत्याला जराही सूट दिली नाही. या बाबतीत पोरगी बापावर नाही, सरळ आत्यावर गेली होती.

मग ती आत आली, शिकंज्यापाशी गेली, आणि आत्याने ओढलेली पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसायला लागली. "हे कापू नकोस," ती म्हणाली. "मला काहीतरी सुचतंय. पण अजून पूर्ण सुचलेलं नाही."

घरी जाताना आत्याने एकदाही विचारलं नाही. रात्री जेवताना नाही, सकाळी चहाच्या वेळी नाही. मुंगी घरभर फिरत होती, दोन्ही हात हवेत एकावर एक धरून बघत होती, मध्येच एक हात खाली घेत होती.

दुसऱ्या दिवशी मुलं जमली तेव्हा मुंगीने सगळ्यांसमोर सांगितलं. तिचा आवाज आधी ग्रंथपाल बाईंसारखा खालच्या पट्टीत होता, मग मोठा झाला. "नळाकडची पन्हळ लांब आहे आणि उंच आहे. खिडकीकडची बरोबर आहे आणि खाली आहे. मग काही कापायचंच नाही. वरची खालचीवर चढवायची. पाणी वरून खाली पडेल. छोटा धबधबा."

शंकासुराने तोंड उघडलं, आणि त्याला शंकाच सुचली नाही.

"फक्त खालच्या पन्हळीच्या टोकाला दोन्ही बाजूंना खाच करायला लागेल. आणि मागे एक ठोकळा, पाणी उलटं येऊ नये म्हणून. ते मी करते," मुंगी म्हणाली, आणि आत्याच्या पेटीतून करवत काढली.

आत्या जागेवरून हलली नाही. आपण हललो तर हे सगळं स्वप्नासारखं विरून जाईल अशी तिला खरोखर भीती वाटली.

मुंगी जमिनीवर मांडी घालून कापायला बसली. करवत पहिल्यांदा घसरली, मग अडकली, मग हळूहळू लाकडात शिरली. जुळ्यांनी दोन्हीकडून तुकडा दाबून धरला. आत्याला दुरून दिसत होतं की खाच तिरपी चालली आहे. चांगली दोन मिलिमीटर तिरपी. तिने हात मांडीखाली दाबून धरले. मग तिच्याने राहवेना.

"मुंगे, एक विचारू?"

"विचार."

"ती खाच तिरपी आहे. मुद्दाम आहे का?"

मुंगीने करवत थांबवली, डोळा बारीक करून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "चुकली."

"बरं," आत्या म्हणाली, आणि बसून राहिली.

जोडायची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. मधला एकच घोडा दोन्ही टोकांना पुरेना. एका उंचीवर दोन उंच्या कशा टेकणार? नवा घोडा करायचा तर दिवस जाणार, आणि तेवढा धीर कुणालाच नव्हता.

"आत्या, इकडे ये," मुंगीने हुकूम सोडला. "इथे उभी राहा. दोन्ही पन्हळी जिथे मिळतात तिथे खालून धर. नुसतं धर. दुसरं काही करू नकोस."

"आत्या घोडा!" शंकासुर ओरडला, आणि सगळी खोली हसली. आत्याही हसली, आणि खडूच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळहात वर करून तिने तो वेडावाकडा सांधा पेलला.

नळ उघडला. पाणी पन्हळीत आलं, आधी भित्रं, मग सावरून. मुलं त्याच्याबरोबर खालून चालू लागली, माना वर करून. उन्हाचा पट्टा पाण्यावर पडला आणि छतावर उजेडाची एक लांब जाळी थरथरत पुढे सरकू लागली. आत्याने वर पाहिलं. तिला वाटलं, या खोलीतली रिकामी जागा इतकी वर्षं याचीच वाट बघत असावी. पाणी तिच्या हातांच्या वर आलं, टोकाशी थबकलं आणि खालच्या पन्हळीत पडलं. त्याचा बारीक आवाज झाला. मुलांनी श्वास सोडला आणि पाणी पुढे खिडकीकडे निघून गेलं.

सगळं नाही. तिरप्या खाचेतून एक धार बाहेर आली, आत्याच्या मनगटावर पडली आणि बाहीतून आत शिरली. गार पाणी कोपरापर्यंत गेलं. मग काखेपर्यंत. तिकडे पहिल्या कुंडीपाशी मुलांचा जल्लोष सुरू झाला होता, ग्रंथपाल बाई जन्मात पहिल्यांदा ओरडल्या होत्या, आणि आत्या चोरासारखी गप्प उभी होती. दंड भरून आला तरी तिने हात हलवला नाही.

मुंगी नाचता नाचता थांबली. तिने वळून पाहिलं.

"आत्या! तुझी अख्खी बाही भिजलीय! सांगायचं नाही का?"

"तू म्हणालीस, नुसतं धर."

मुंगी धावत आली, चवड्यांवर उभी राहिली आणि आपलं नाक जवळजवळ खाचेत घालून बघायला लागली. गळती कुठून आहे, तिकडे बोट लाव, इकडे बोट लाव. आत्याला उपाय माहीत होता. एक पातळ चकती, थोडं मेण, दोन मिनिटांचं काम. ती काही बोलली नाही. मुंगीनेही विचारलं नाही. तिच्या कपाळावर आठी होती, ओठ दातांखाली होता, आणि समोर आत्या उभी आहे हे ती केव्हाच विसरली होती. तिला दिसत होती ती फक्त गळती.

"थांब, मला कळतंय," ती पुटपुटली आणि तुकड्यांच्या टोपलीकडे पळाली. अर्ध्या वाटेवरून तिने मागे न बघताच हाक दिली. "अजून थोडा वेळ धर हं, आत्या!"

"धरलंय गं," आत्या म्हणाली. "तू सावकाश ये."